एक नंबरच्या खाचेतलं कुंकू

निम्मे देव घासून झाले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि घंटा पुसून कोरड्या फडक्यावर मांडली होती. समई, निरांजनं आणि शंखाची अडणी अजून चिंचेच्या पाण्यात होती. तेवढ्यात गोदूबाई आल्या. दार उघडंच होतं. माझ्यासमोर पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, दत्तजयंतीला मी नाय गाणार. योगिनीला तुम्हीच सांगा. मना सांगवत नाय."

माझे हात चिंचेने भरलेले. मी म्हटलं, "हात धुते. चहा ठेवते, मग बोलू."

"चहा सोडला."

तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही. गोदूबाईंनी निर्जळी एकादशीलासुद्धा चहा सोडलेला मी पाहिलेला नाही. चहा म्हणजे जळ नव्हे, असं त्यांचं म्हणणं असायचं.

गोदूबाई आमच्या खाली, तळमजल्यावर राहतात. खरं तर आम्ही त्यांच्या वर राहतो असं म्हणायला हवं, कारण जागा त्यांची. मी लग्न होऊन कोकणातून डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला आले तेव्हा इथे त्यांची कौलारू चाळ होती आणि आम्ही तिच्यात भाडेकरू. पहिल्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. शेजारची एक धिप्पाड बाई, ह्याच गोदूबाई, डोक्यावर हंडा घेऊन आली, हंडा उंबऱ्याशी ठेवला आणि मला विचारलं, "तांदळाची भाकरी थापता येते काय?" येते म्हटल्यावर हंडा आत आणून ठेवला. भाकरी येत नसती तर हंडा परत नेणार होतात का, असं मी पुढे कधीतरी विचारलं. "नाय. शिकवायला बसले असते," म्हणाल्या. चाळ पाडून त्यांच्या मुलाने, तानाजीने, ही इमारत बांधली आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर आलो.

त्यांचं माहेर ठाण्याजवळच्या कोलशेतचं, खाडीकाठचं. वडील मिठागरावर कामाला. लहानपणी गोदूबाईंनीही मिठाच्या टोपल्या वाहिल्या आहेत. आई मात्र धवलारीण होती. त्यांच्या आगरी समाजात लग्न लागताना प्रत्येक विधीला गाणं लागतं, त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी उशिरा आले तर चालतं, धवलारीण वेळेवर लागते. आईमागे गोदूबाई धवले म्हणू लागल्या. त्यांनी अंगणात म्हटलेला धवला रस्त्यापलीकडच्या गिरणीत ऐकू यायचा, आणि ती गिरणी चालू असायची. माझ्या डोहाळजेवणाला त्या गायल्या तेव्हा वरच्या आळीतल्या बायका न बोलावता आल्या होत्या.

पुढे हळदीच्या रात्री डीजे यायला लागले. कर्ण्यांपुढे धवले कोण ऐकणार? गोदूबाईंनी त्याची कधी कटकट केली नाही. "पोरांना नाचाया पायजे, नाचू दे," एवढंच. आणि दत्तमंदिरात योगिनीताईंनी महिला भजनी मंडळ काढलं तेव्हा पदर खोचून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. योगिनीताई शाळेतून निवृत्त झालेल्या. हजेरी घेणं त्यांच्या अंगात आहे. मंडळ आणि दर गुरुवारचं भजन त्यांनी नीट चालवलं. भाविकांच्या देणगीतून मंडळाने स्वतःचा साऊंड सेट घेतला: चार माईक, त्यांचे आवाज कमीजास्त करायचा मिक्सर, एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. सेट ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला तेव्हा गोदूबाई म्हणाल्या, "माझं घर तळमजल्याला, आणि मी कवा घर सोडून जाते?"

तेव्हापासून सेट त्यांच्याकडे. चार माईकना चार रंगांचे दोरे बांधलेले आहेत आणि प्रत्येक माईकची मिक्सरमधली जागा ठरलेली. लाल दोरा, एक नंबर, गोदूबाईंचा. एक नंबर म्हणजे पुढे बसून अभंग उचलणारी बाई. बाकीच्या मागून धरतात.

आणि आता त्या एक नंबरवरून उठायचं म्हणत होत्या.

कारण मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. मागच्या वर्षापासून माईकवर त्यांचा आवाज खरखरायला लागला होता. चांगली ओळ चाललेली असताना मध्येच कापड फाटल्यासारखं व्हायचं, क्वचित अख्खा शब्द गायब व्हायचा. दिवाळीनंतर तर फारच वाढलं. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायचो आणि मग टाळांकडे. शेवटी योगिनीताई त्यांना हळूच म्हणाल्या, "गोदूबाई, यंदा दत्तजयंतीला कृतिकाला पुढे बसवू या का? तुम्ही साथीला बसा." कृतिका आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांची सून. ठाण्याला गाणं शिकलेली आहे आणि गाते छान.

"मी डॉक्टरकडं जाऊन आले," गोदूबाई सांगत होत्या. "घशात आरसा घालून बघितलं. बोलला, वयापरमाणे ठीक हाय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. माझा जन्म मिठात गेला वहिनी, आणि हा मना मीठ सांगतो. तरी केल्या. ज्येष्ठमध चघळला. चिंच सोडली, लोणचं सोडलं, आता चहा सोडला."

"मग काही फरक?"

"मागच्या गुरुवारी तुम्ही ऐकलंच."

ऐकलं होतं. मी म्हटलं, "इथे म्हणून दाखवा बरं. एकच चरण."

"इथं? भांडी घासताना?"

"भांडी नाहीत, देव आहेत."

मग त्यांनी म्हटला. पाटावर बसून, मांडीवर हाताने ताल धरत. वर जाताना आवाज थोडा बारीक झाला, तो पूर्वी होत नसे, पण खरखर कुठेच नव्हती. मी तसं सांगितलं.

"घरात नसते," त्या म्हणाल्या. "देवळात माईकवर गेला की फुटतो. देवालाच नको असेल. आता बस कर म्हणत असेल."

वयाचं म्हणाल्या असत्या तर मी चार शब्द बोलले असते. पण देव नको म्हणतोय असं जिच्या मनात बसलंय, तिला ज्येष्ठमधाचा काय उपयोग? मी एवढंच म्हटलं, "गुरुवार होऊ दे. तोवर मी योगिनीताईंना काही सांगत नाही."

गुरुवारी त्या आल्याच नाहीत. बहिणीला बरं नाही म्हणून कोलशेतला गेल्या, असा निरोप त्यांच्या सुनेने, कल्पिताने आणला. कल्पिता मंडळात पखवाज वाजवते. सेटही तिनेच देवळात आणून जोडला. योगिनीताईंनी कृतिकाला पुढे बसवलं आणि लाल दोऱ्याचा माईक तिच्यापुढे ठेवला.

कृतिकाने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला खर्र झालं.

ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. योगिनीताईंनी माईक बदलून पिवळ्या दोऱ्याचा दिला, वायरही बदलली, पण लावली एक नंबरलाच. खरखर होतीच. कृतिकाने खाली बघितलं आणि सरळ बोलली, "काकू, हा आवाज माझा नाहीये. गोदूकाकींचाही नसणार."

मग कल्पिताने एक नंबरचं आवाजाचं बटण जरा वर सरकवलं. या मिक्सरची बटणं गोल फिरणारी नाहीत, खाचेतून वर-खाली सरकणारी आहेत. बटण सरकलं तसा स्पीकरमधून वाळूत फावडं मारल्यासारखा आवाज आला. तिने तेच करून पाहिलं दोन नंबरला. थोडासा. तीनला अगदी कमी, चारला नाही.

"म्हणजे बटण खराब," कृतिका म्हणाली. "आणि आपण वर्षभर त्यांना ज्येष्ठमध देतोय."

योगिनीताईंनी हजेरीची वही उगाच चाळली.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. आमचे हे कोलशेतच्या एका कारखान्यात कंट्रोल रूमची पॅनेलं सांभाळायचे. निवृत्त झाले तरी धूळ दिसली की त्यांना चैन पडत नाही. घरातला टीव्ही मला पुसू देत नाहीत. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तो मिक्सर पुसतं कोण, आणि कशाने?"

"गोदूबाई. आपल्या देवांसारखा सांभाळतात तो."

"त्याचीच मला भीती आहे," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई कोलशेतहून परतल्यावर आम्ही दोघं खाली गेलो. काल काय झालं ते कल्पिताने त्यांना सांगितलेलं होतं, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. सेट देवघराला लागूनच कोपऱ्यात होता, धुतलेल्या सुती लुगड्याची घडी घालून झाकलेला. ह्यांनी घडी उचलली आणि वाकून बघत राहिले. मग चौकशी सुरू झाली.

"हे रोज पुसता?"

"रोज मोरपिसाच्या कुंच्यानं झाडते. गुरुवारी ओल्या फडक्यानं पुसते. घट्ट पिळून हां, महेंद्रभाव. पानी गळत नाय."

"कुंच्याने झाडल्यावर धूळ जाते कुठे?"

"जाते की. दिसत नाय मंग."

"खाचेत जाते म्हणून दिसत नाही. वर ओलं फडकं फिरलं की तिथेच चिकटते. आणि उदबत्ती?"

"देवाला लावते तीच इथं पण ओवाळते."

"आणि हे लाल काय आहे?"

गोदूबाई वाकून बघायला गेल्या, पण त्यांना दिसलं नाही, चष्मा लागतो. मी बघितलं. एक नंबरच्या खाचेच्या कडेला बारीक लाल-पिवळी रेघ होती. मला लगेच कळलं. खंडेनवमीला आम्ही सेटची पूजा करतो. ज्यावर आपलं काम चालतं त्या वस्तूची त्या दिवशी पूजा करायची, ही रीत कोणाच्या घरात नाही? तानाजी गाडीची करतो, हे त्यांच्या पान्यांची करतात, मी विळी आणि मिक्सरची, माझा म्हणजे वाटणाचा. भजनाच्या सेटची पूजा गोदूबाई करायच्या. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. नैवेद्याचा शिरा मी करून न्यायचे. इतकी वर्षं मी त्या पूजेला उभी राहिले आहे आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही की हे कुंकू पुढे कुठे जातं.

ह्यांनी सामान मागवलं, म्हणजे मीच वर जाऊन आणलं. रंगकामाचा मऊ ब्रश, न वापरलेला. व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याची अरुंद तोंडाची नळी. चष्मा पुसायचं फडकं. आणि डोंबिवली स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्यांनी सकाळीच आणलेला एक फवारा. असल्या बटणांच्या आत मारायचा, तेल नसलेला, उडून जाणारा. कल्पिताने मदत म्हणून तिचा केस वाळवायचा ड्रायर आणला.

"गरम हवा नको," हे म्हणाले. "आतलं प्लास्टिक वाकडं होईल."

"मग तोंडाने फुंकू का?"

ह्यांच्या आधी गोदूबाईच कडाडल्या. "ए बाय, देवाच्या वस्तूवर फुंकर कोन मारतो? उष्टी होते ती."

"बरोबर आहे," हे म्हणाले. "तोंडाची वाफ आत जाते. पाणीच ते."

"तेच मी बोलले," गोदूबाई म्हणाल्या.

आधी सगळ्या वायरी काढल्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, भिंतीतून पिन काढायची. मग खाली पांढरी चादर अंथरून मिक्सर तिच्यावर ठेवला. ह्यांनी सरकत्या बटणांच्या टोप्या एकेक करून सरळ वर ओढून काढल्या आणि त्याच क्रमाने ओळीत मांडल्या. नंतर व्हॅक्यूमची नळी हातात घेतली तेव्हा गोदूबाईंनी त्यांचा हात धरला.

"यात ओढलेलं कुठं जातं?"

"आतल्या पिशवीत."

"मंग पिशवी?"

"कचऱ्यात."

"माझं कुंकू कचऱ्यात नाय जायाचं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझा रुमाल दिला. त्यांनी तो नळीच्या तोंडावर ताणून बसवला आणि रबर लावलं. हे पुढे म्हणाले की कारखान्यात बारीक स्क्रू ओढले जाऊ नयेत म्हणून ते असंच करायचे. तेव्हा गोदूबाईंची आडकाठी त्यांना सोयीचीच होती. नळी मिक्सरला टेकवायची नाही, बोटभर वर धरायची, आणि दुसऱ्या हाताने ब्रशने धूळ नळीकडे उडवायची. ब्रश खाचेत दाबायचा नाही, नुसता झाडायचा.

चार नंबरपासून सुरुवात केली. तिथून थोडी करडी धूळ निघाली. आमच्याकडे रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात, ती धूळ सगळ्यांच्या घरात असते. तीनमधून थोडी जास्त. दोनमध्ये हळद होती. एक नंबरला ब्रश लागला आणि रुमालावर लाल डाग उमटला. ब्रश फिरत गेला तसा तो मोठा झाला. समईच्या आणि उदबत्तीच्या काजळीने कुंकवाचे बारीक गोळे झाले होते. ते ह्यांनी दातकोरणीच्या टोकाने अलगद सैल केले. शेवटी मिक्सर उलटा करून हळूच हलवला. चादरीवर दोन तांदूळ पडले आणि झेंडूच्या पाकळीचा वाळका तुकडा.

गोदूबाईंनी तांदूळ उचलून तळहातावर घेतले.

"माझ्याच अक्षता," त्या म्हणाल्या. "दरवर्षी पयली मूठ एक नंबरवर वाहायची. बाकीच्यांना उरलेली."

कल्पिता हसणार होती, पण सासूचा चेहरा बघून थांबली. गोदूबाई उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. हे काम करत राहिले. फवाऱ्याला लावायची बारीक नळी त्यांनी खाचेच्या टोकाशी धरली आणि अगदी थोडा मारला, भिजेल इतका नाही. गोदूबाई बाहेर आल्या त्या चहाचा ट्रे घेऊन. कप होते चार, माणसंही चार. ट्रे ठेवून त्या चादरीशी बसल्या.

"मना पन काय तरी करू दे की."

"हे बटण वर-खाली सरकवत राहा. जोर नको. आतली घाण सुटते."

मग त्या जात्यावर बसल्यासारख्या एक पाय दुमडून, एक लांब करून बसल्या आणि बटण सरकवत राहिल्या. हे पुरे म्हणाले तरी थोडा वेळ सरकवत होत्या.

अँप्लिफायरचं झाकण ह्यांनी उघडलं नाही. पिन काढल्यावरही आत करंट साठून राहतो, ते काम दुकानातल्या माणसाचं, म्हणाले. मागच्या झरोक्यांवरची काजळी मात्र ब्रशने काढली. आतला पंखा गरागरा फिरू नये म्हणून झरोक्यातून लाकडी काडी घालून अडवून धरला होता. माईकच्या जाळ्या फिरवून सोडवल्या, त्यातले स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळत टाकले. स्पीकरच्या कागदी पडद्यावरची धूळ ब्रशने नुसती उडवली, कारण तो बोटाने दाबला तर कायमचा चेपतो. सगळं वाऱ्याला ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत वीज लावायची नाही, असं बजावलं. रुमालावरचं आणि चादरीवरचं कुंकू गोदूबाईंनी तुळशीच्या मुळाशी झटकलं.

इथपर्यंत ठीक होतं. मग हे म्हणाले, "आणि आता याच्यावर हळदकुंकू कधीही नाही."

"म्हणजे पूजा नाय?"

"पूजा नाही."

"मंग हा दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा," गोदूबाई म्हणाल्या. "बिनपूजेचं माझ्या घरात काय राहत नाय. म्हसरं होती तवा म्हसरांची पण केली."

हे मागे हटेनात, त्याही हटेनात. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. आत कुंकू गेलं की यंत्र बिघडतं हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि पूजा सोडायची तर त्या सेटमध्ये आणि दुकानातल्या सेटमध्ये फरक काय राहिला? मी जरा विचार करून म्हटलं, "गोदूबाई, आपण पोथीची पूजा कशी करतो?"

"कशी म्हंजे? फडक्यात बांधलेली असते. वरून गंध लावायचं, फूल ठेवायचं."

"पोथी उघडून पानात कुंकू टाकतो का?"

"नाय टाकत."

"तसंच करू. सेट न्यायची पत्र्याची पेटी आहे. सेट तिच्यात, झाकण बंद. झाकणाला ओलं गंध लावायचं, कोरडं काही नाही. अक्षता पुढे पानावर सुपारी मांडून तिला वाहायच्या."

"आणि उदबत्ती?"

"दारात," हे म्हणाले.

"दारात नाय, देव्हाऱ्यापुढं," गोदूबाई म्हणाल्या. "सेट तिथून हलवते." आणि देवघराजवळचा कोपरा सोडून सेट बैठकीच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात गेला. ओल्या फडक्याचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याच घरी जोडणी केली. योगिनीताई आल्या, कृतिका सुट्टी असल्यामुळे आली, कल्पिताने पखवाज घेतला. हे वरच थांबले. बायकांच्या गाण्यात मला बसवू नका, म्हणाले. कृतिकाने बाजाच्या पेटीवर नेहमीचा काळी चारचा सूर धरला. मंडळ सुरू झाल्यापासून आम्ही याच सुरात गातो, कारण तेव्हा गोदूबाईंचा गळा त्या सुरात घुमायचा.

गोदूबाईंनी लाल दोऱ्याचा माईक पुढे घेतला, डोळे मिटले आणि अभंग उचलला.

खरखर नव्हती. शब्दन् शब्द स्वच्छ येत होता. योगिनीताईंनी माझा हात दाबला. अंतऱ्याला आवाज वर गेला, आणि तिथे तो बारीक झाला, वरच्या सुरापर्यंत पोचला आणि टिकला नाही. खरखरीच्या खाली हे इतके दिवस कोणाला ऐकू आलंच नव्हतं. आता स्वच्छ ऐकू आलं. सगळ्यांनाच.

अभंग संपल्यावर योगिनीताई जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या आता काहीतरी गोड बोलतील आणि ते वाईट होईल.

गोदूबाईंनीच डोळे उघडले. "खरखर यंत्राची," त्या म्हणाल्या. "हा वरचा माझा. वर जातो आणि तिथून परत येतो."

"काकी," कृतिका म्हणाली, "सूर खाली घेऊ या का? पांढरी चार देते. बघा तरी."

"खाली घेतलं तर भजन बसल्यासारखं वाटतं," योगिनीताई म्हणाल्या. "दत्तजयंतीला लोक जमतात, सप्ताहातली बाकीची मंडळं केवढी चढ्या सुरात गातात."

"योगिनी, तू शाळेत पोरांना वरडून शिकवायचीस का सांगून?"

"दोन्ही," योगिनीताई म्हणाल्या आणि हसल्या.

"दे बाय सूर," गोदूबाई कृतिकाला म्हणाल्या.

कृतिकाने खालचा सूर दिला. तोच अभंग गोदूबाईंनी पुन्हा घेतला, आणि या वेळी अंतऱ्याला आवाज भरलेला होता. मोठा नव्हता. पूर्वीसारखा गिरणी ओलांडणारा तर नव्हेच. पण माईकपुढे मोठा आवाज लागतो कशाला? खोलीत तो सगळीकडे पोचत होता. बाहेर जिन्यात पावलं थांबलेली ऐकू आली. दार उघडलं तर हे होते, स्पंज नीट बसवलाय का ते बघायला आलो, म्हणाले.

योगिनीताईंनी चष्मा काढून पुसला. "गोदूबाई, पुढे तुम्हीच बसा," त्या म्हणाल्या.

"बसते. पन गौळण या पोरीला दे. ती उंच जाते, मी नाय जायाची. आणि तिला माझाच माईक दे, सारखे दोरे बदलत नको बसू."

कृतिका नको म्हणाली, मग हो म्हणाली. खालच्या सुरात गौळण नीट वठते का, ते पाहू म्हणून तिने लगेच घेतली, आणि तेव्हा एक नवीन अडचण निघाली. कल्पिताने पखवाजाच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून तो खालच्या सुराला उतरवला होता, पण इतका खाली आल्यावर उजव्या बाजूची कातड्याची पुडी सैल पडली. थाप मारली की डब्यावर मारल्यासारखं वाजत होतं. काळी चारसाठी चढवलेली पुडी पांढरी चारला चालत नाही. दुसरी चढवून घ्यावी लागते.

"ते काम डोंबिवलीत कोणी नीट करत नाही," कल्पिता म्हणाली. "कल्याणलाच न्यावा लागेल, आणि मला उद्या रविवार असून सुट्टी नाही."

"मी नेते," गोदूबाई म्हणाल्या. "सुराला बसला की नाय ते तिथंच ऐकून घेते."

सेट पेटीत भरून झाल्यावर त्यांनी पखवाजाला जुनी चादर गुंडाळली, गाठ मारली आणि दाराशी ठेवला. उद्या सकाळी नैवेद्य आटोपला की रिक्षाने कल्याणला जाऊन पखवाजाची पुडी बदलून आणायची आहे. त्यांच्याबरोबर मी जाणार आहे.